नऊ पौंडांची स्प्रिंग

माझं आडनाव पटवर्धन. बंगाली तोंडात त्याचं 'पोटबोर्धन' होतं. बराकपूरच्या विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी हे बारसं झालं आणि निवृत्त होईपर्यंत टिकलं. इंजिनांखाली वाकून आणि पंखांवर चढून माझं पोट कधी वाढलंच नाही, त्यामुळे नाव ऐकून मला शोधायला आलेला माणूस हमखास दुसऱ्याच कुणाकडे जायचा.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी सांगितलं, "विमानातल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की मला एकच विमान आठवतं आणि त्यात गंमत फारशी नाही. तेव्हा आधी थोडं पाण्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

क्लबाची शिकाऊ विमानं वाऱ्यावर थंड होणारी होती. समोरून वारा येतो, इंजिनाच्या पात्यांमधून जातो, संपलं. पण लढाईच्या काळात मी हवाई दलात फिटर होतो आणि तिथली लढाऊ विमानं पाण्यावर थंड व्हायची. इंजिनाभोवती पाणी फिरतं, तापतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं, पुन्हा इंजिनात येतं. आता पाणी शंभर अंशाला उकळतं हे सगळे शाळेत शिकतात. पण ते जमिनीवर. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आधीच उकळायला लागतं. उकळलं की वाफ, आणि वाफ इंजिनाला थंड करत नाही. म्हणून पाण्याची टाकी बंद करून आत दाब ठेवायचा, म्हणजे पाणी उशिरा उकळतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरचं तत्त्व तेच. आणि कुकरला जशी शिट्टी, तसा टाकीला एक व्हॉल्व्ह. आत स्प्रिंग. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते, थोडी वाफ बाहेर जाते.

सगळं शहाणपण त्या स्प्रिंगमध्ये आहे. हलकी असेल तर पाणी उडून जातं. जड असेल तर पाणी आत राहतं, पण रेडिएटरचे सांधे फाटतात. भवानीपूरचा एक सरदारजी टॅक्सीवाला होता. घाटावर गाडी धुवायचा, फुलं वाहायचा, आणि पाणी वाया जातं म्हणून रेडिएटरच्या वाफेच्या नळीत त्याने लाकडाची खुंटी मारली होती. रेडिएटर मधोमध फुटला तेव्हा मला म्हणाला, "बाबूजी, मैंने तो इसका भला ही सोचा था." मी त्याला हसलो होतो. पुढच्याच हिवाळ्यात मी तेच केलं.

सान्यालबाबू गंगेकाठच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनियर होते. वय चाळिशीचं, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. बालीगंजला त्यांचं घर. घराच्या मागे मोटारीची शेड होती, पण तिच्यात मोटार नव्हती. चार वर्षं खपून त्यांनी तिथे स्वतःच्या हातांनी विमान बांधलं होतं. लाकडी सांगाडा, वर कापड, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, आणि पुढे एका विलायती मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन. मोटारीचं, म्हणजे पाण्याचं. क्लबात पाण्याच्या इंजिनांची सवय असलेला मी एकटाच, म्हणून ते माझ्याकडे आले.

"तुम्ही स्वतः उडवणार?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "या डोळ्यांना कोण परवाना देतो? नीलिमा उडवेल."

नीलिमा त्यांची धाकटी बहीण. सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि रविवारी क्लबात विमान चालवायची. हात इतका स्थिर की आमचा शिक्षक नव्या पोरांना तिचं उतरणं बघायला उभं करायचा. पण सान्यालांनी प्रवासी म्हणूनही तिच्या पुढच्या बैठकीत बसायचं नाही, अशी त्यांच्या आईची शपथ होती. या माऊलींना मी मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्या विधवा होत्या. त्यांना ही दोनच मुलं. "दोघं एका विमानात नाही," एवढं एकच वाक्य त्यांनी सांगितलं होतं आणि त्यावर चर्चा नव्हती. तेव्हा चाचणीच्या उड्डाणांना काटे वाचायला पुढच्या बैठकीत बसायचं काम माझ्याकडे आलं.

मी सुटीच्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये काम करून बालीगंजहून गाडीने सियालदहला यायचो, तिथून बराकपूरची गाडी धरायचो. सियालदहच्या फलाटांवर तेव्हा फाळणीमुळे पूर्वेकडून आलेली कुटुंबं बिऱ्हाडं मांडून होती, त्यांच्या चुली आणि ट्रंकांमधून वाट काढावी लागे. माझ्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात व्हॉल्व्हचे सुटे भाग असत. एकदा पोलिसाने डबा उघडायला लावला आणि स्प्रिंगा बघून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

विमान सुटं करून लॉरीने बराकपूरला आणलं, जोडलं. मी त्याच्यात एक भर घातली होती. लढाईनंतर भंगारात निघालेल्या सामानातून दोन काटे आणले. पाण्याच्या तापमानाचा काटा नीलिमाच्या समोर, मागे. पाण्याच्या दाबाचा काटा माझ्या समोर, पुढे. दोन्ही काटे एकाच फळीवर बसवायला जागा नव्हती म्हणून असं केलं. हे का सांगतो ते पुढे कळेल.

टाकीच्या व्हॉल्व्हला मी चार पौंडांची, म्हणजे चार पौंड दाबाला दबणारी, स्प्रिंग लावली. पहिली तीन उड्डाणं दहा-दहा मिनिटांची, सुरेख झाली. चौथ्याला वीस मिनिटांनी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. उतरलो तेव्हा टाकीतलं निम्मं पाणी उडालं होतं. पाचव्यालाही तेच.

सान्यालबाबू म्हणाले, "स्प्रिंग हलकी आहे. नऊ पौंडांची लावा."

"पाणी उकळलेलं नाही. तापमान ब्याण्णवच्या वर गेलंच नाही. मग दाब येतो कुठून?" मी म्हटलं. "मला वाटतं, सिलिंडरमधला जळका वायू कुठून तरी पाण्यात शिरतोय."

"पटवर्धनबाबू, मी मिलच्या बॉयलरवर रोज शंभर पौंड सांभाळतो. तुम्ही नऊला भिता?"

"बॉयलरचं पोलाद असतं. हा रेडिएटर कथलाच्या डाकाने जोडलेला आहे."

मी तपासणी केली. गार इंजिन सुरू केलं, टाकीचं झाकण उघडं ठेवलं, आत बघत बसलो. वायू शिरत असेल तर पाण्यात बुडबुडे दिसतात. एकही दिसला नाही. मग सायकलच्या पंपाने गार रेडिएटरमध्ये बारा पौंडांपर्यंत हवा भरली. ठिपकाभरही गळलं नाही. खरं तर इंजिन पूर्ण तापवून, अर्धा तास पूर्ण जोरात चालवून मग पाण्यात बघायला हवं होतं. ते मला माहीत होतं. पण विमानाचा तात्पुरता परवाना चार दिवसांनी संपत होता, त्याआधी तासाभराचं एक उड्डाण दाखवायचं होतं, आणि सान्यालबाबू चार वर्षं वाट बघून माझ्यासमोर उभे होते. मी नऊ पौंडांची स्प्रिंग लावली. लॉगबुकात ती नोंद केली नाही. नोंद केली की चाचणी लिहावी लागते आणि ती मी केली नव्हती.

पौषातली सकाळ होती. धुकं उठल्यावर आम्ही वर गेलो. खाली गंगा, तिच्यात गवताने भरलेल्या होड्या, काठाने मिलच्या चिमण्या. पुढच्या बैठकीत मी, मागे नीलिमा. बोलायला दोघांमध्ये रबरी नळी होती. एका टोकाच्या नरसाळ्यात बोलायचं, दुसऱ्याच्या कानटोपीत ऐकू जायचं. उंची दोन हजार फूट. वीस मिनिटं झाली, व्हॉल्व्ह गप्प होता. दाब सहा. मला बरं वाटलं.

पंचवीस मिनिटांनी सात. मग आठ.

"तापमान?" मी नळीत विचारलं.

"ब्याण्णव. अगदी छान."

नऊ. आता व्हॉल्व्ह उघडायला हवा होता आणि उघडलाही, डोक्यावरच्या टाकीतून पांढरी रेघ मागे पळताना दिसली. पण काटा उतरेना. साडेनऊ. दहा. नरसाळं माझ्या हातात होतं. सांगायला हवं होतं. मी काट्याकडे बघत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, उतरेल, आता उतरेल. स्प्रिंग मी लावली होती ना. अकरा.

आणि मग काटा एकदम शून्यावर आला.

त्याच क्षणी कानात नीलिमाचा आवाज आला, खुशीत. "पटवर्धनबाबू, तापमान उतरतंय! सत्त्याऐंशी... ब्याऐंशी..."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तापमानाचा काटा ज्या नळीला जोडलेला असतो ती नळी पाण्यात बुडलेली असते. पाणी निघून गेलं की ती कोरडी पडते, वाऱ्याने निवते, आणि काटा खाली येतो. इंजिन जळत असतं आणि काटा म्हणतो सगळं छान. तिला एक काटा दिसत होता, मला दुसरा.

"तापमान खोटं आहे!" मी ओरडलो. "पाणी गेलं. रेडिएटर फाटला. इंजिन कमी करा, अगदी कमी!"

"काटा अठ्ठ्याहत्तर दाखवतोय."

"तो पाण्यात नाहीये, हवेत आहे! कमी करा!"

एक क्षण काहीच झालं नाही. तिने माझ्यावर का विश्वास ठेवावा? तिच्या डोळ्यांसमोर तिचा काटा होता. मग इंजिनाचा आवाज खाली आला आणि तारांमधून वाऱ्याची शीळ ऐकू यायला लागली.

"इंजिनात किती वेळ आहे?" आवाज आता वेगळा होता. वर्गात प्रश्न विचारावा तसा.

"जोरात चालवलं तर दोन मिनिटं. कदाचित दीड. मग जाम होईल."

"विमानतळ चार मैल आहे."

"नाही पोचणार."

"मग ती दोन मिनिटं मी कुठे खर्च करू, ते सांगा."

मी बाहेर वाकून बघितलं. खाली मिलची छपरं, वस्ती, घाट. पूर्वेला सियालदहला जाणारा रेल्वेमार्ग आणि त्याच्या पलीकडे कापणी झालेली भाताची शेतं. "पूर्वेला वळा," मी म्हटलं. "आत्ता इंजिन वापरू नका. अगदी शेवटी."

ती वळली. घरंगळत जावं तसे आम्ही खाली यायला लागलो. पंखा माझ्यासमोर आळसटल्यासारखा फिरत होता. दीड हजार. हजार. जळक्या रंगाचा वास यायला लागला. रेल्वेमार्गावर एक मालगाडी उभी होती, तिचा गार्ड तोंड वर करून बघत होता, इतके आम्ही खाली होतो. शेतं दिसत होती. पण शेतांच्या अलीकडे खजुराच्या झाडांची रांग होती. रसासाठी प्रत्येकाच्या गळ्यात मडकं बांधलेलं. आम्ही त्या मडक्यांच्या उंचीवर येत होतो.

"पोटबोर्धनबाबू?"

"अजून नाही."

"झाडं आहेत."

"दिसतायत. अजून नाही... आता!"

इंजिन गरजलं. तापलेल्या लोखंडावर कुणी घण मारावा असा आवाज त्याच्यातून यायला लागला. नाक वर उठलं. झावळ्या चाकांना घासल्याचं मला बसल्या जागी जाणवलं. पलीकडे गेलो न गेलो तोच एक हिसका बसला आणि लाकडी पंखा माझ्यासमोर आडवा थांबला. पूर्ण शांतता. ती काही सेकंदांचीच असेल. मग चाकं धसकटांवर टेकली, विमान धडधडत धावलं, बांधाला अडलं, डावा पंख मातीत रुतला, आणि आम्ही तिरके होऊन थांबलो.

माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. नीलिमाचा ओठ फुटला होता. शेतातली माणसं धावत आली. त्यांत खजुराचा रस काढणारा एक म्हातारा होता. त्याने काही न विचारता मडकं पुढे केलं. नीलिमा उभ्याउभ्याच दोन वाट्या रस प्यायली. मग बांधावर बसली.

बैलगाडीतून आम्हाला इस्पितळात नेलं. वाटेत ती म्हणाली, "दाब तुम्हाला दिसत होता. फुटायच्या आधी किती होता?"

"अकरा."

"नऊच्या वर गेल्यावर मला का नाही सांगितलंत?"

वर नरसाळं हातात असून अर्धं मिनिट मी गप्प बसलो होतो. आजवर पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ बोल लावले, पण या प्रश्नाइतका कुणाचा लागला नाही, आणि ती रागावलेलीही नव्हती.

पंधरा दिवसांनी हात गळ्यात बांधून मी बालीगंजच्या शेडमध्ये गेलो. सान्यालबाबूंनी इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून ठेवलं होतं. त्याला केसासारखी चीर होती. गार असताना मिटलेली. तापलं की उघडायची आणि सिलिंडरचा वायू पाण्यात शिरायचा. चार पौंडांचा व्हॉल्व्ह पाणी फेकून तेच सांगत होता. मी जड स्प्रिंग लावून त्याचं तोंड दाबलं.

सान्यालबाबू म्हणाले, "चौकशी अधिकारी परवा येतोय. लॉगबुकात स्प्रिंगची नोंद नाही. मी सांगणार आहे की मीच ती बदलली, तुम्हाला न विचारता. मालकच मी. माझं काय करणार? तुमची तर भाकरी आहे ती."

ते मनापासून बोलत होते. मी रात्रभर नव्हे, दोन दिवस त्यावर विचार केला. घरी सौ. म्हणाली, "ते कबूल करतायत तर करू द्या की." तिचं चूक नव्हतं. पदरात दोन लहान मुली होत्या. शेवटी अधिकारी समोर बसला तेव्हा मी ठरवलेलं काही बोललोच नाही. त्याने लॉगबुक पुढे केलं आणि विचारलं, "यात सगळं आहे?" मी म्हटलं, "नाही," आणि सांगून टाकलं. सान्यालबाबू मध्ये बोलायला गेले, त्याने त्यांना हाताने थांबवलं.

सहा महिने माझा फिटरचा परवाना गेला. ते सहा महिने मी एका टॅक्सी गॅरेजात रेडिएटरना डाक देत काढले. विमान डोक्यावरून गेलं तरी वर बघायचो नाही.

परवाना परत मिळाला त्या आठवड्यात नीलिमा आमच्या घरी आली. शाळेतून थेट आली होती, हाताला खडू. "विमान तयार आहे," ती म्हणाली. "इंजिनाचं डोकं नवं आहे. फळ्या मोठ्या करून दोन्ही काटे दोन्ही बैठकांत बसवलेत. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी वर जाणार नाही."

"मी?"

"दुसरं कोण?"

त्या रविवारी बराकपूरला गेलो तर सान्यालबाबूंच्या शेजारी मासीमा उभ्या. पांढरं पातळ, हातात छत्री. आयुष्यात पहिल्यांदाच त्या विमानतळावर आल्या होत्या. परतीच्या नळीत सान्यालबाबूंनी मिलच्या बॉयलरची काच बसवली होती, वाहतं पाणी डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी चार पौंडांची स्प्रिंग लावली, आधी लॉगबुकात लिहिलं, मग इंजिन सुरू केलं. विमान दोरांनी बांधून पूर्ण जोरात अर्धा तास चालवलं. काचेला डोळा लावून बसलो. पाणी स्वच्छ वाहत होतं.

"समाधान?" नीलिमाने विचारलं.

"नाही. आणखी दहा मिनिटं."

दहा मिनिटं झाली. बुडबुडा नाही. इंजिन बंद केलं. मासीमा माझ्याजवळ आल्या.

"बाबा, खरं सांग. तुझं स्वतःचं माणूस यात बसवशील?"

मी लगेच हो म्हटलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं. मी पुन्हा एकदा काचेकडे बघितलं, झाकणावर हात ठेवला. "आज बसवीन, मासीमा. उद्याचं उद्या बघून सांगेन."

त्या मुलाकडे वळल्या. "जा. तू बस."

सान्यालबाबूंना आधी समजलंच नाही. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांना पुढच्या बैठकीत चढवलं, पट्टा आवळला, हातात पेन्सिल आणि कागद दिला. "दर दोन मिनिटांनी दाब लिहायचा. पाचच्या वर गेला की लगेच तिला सांगायचं. वाट बघायची नाही."

"वाट बघायची नाही," ते शहाण्या मुलासारखे म्हणाले.

वर बसून काटे बघणं सोपं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खाली उभं राहणं कठीण. चाळीस मिनिटं मी आवाज ऐकत होतो. आवाज बारीक झाला की श्वास थांबायचा. मासीमांनी छत्री उघडली नाही, उन्हात तशाच उभ्या राहिल्या, आणि एकदाही वर बघितलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

विमान उतरलं, शांतपणे, धावपट्टीला टेकल्याचं कळलंही नाही. मी धावत गेलो, आधी काच बघितली, मग टाकी. पाणी काठोकाठ जितकं भरलं होतं तितकंच. सान्यालबाबूंनी मला कागद दिला. दोन मिनिटं, दोन पौंड. चार मिनिटं, तीन. सहा, आठ, दहा मिनिटं, तीन, तीन, तीन. त्याच्या खाली काही नव्हतं.

"पुढचे आकडे?" मी विचारलं.

त्यांचे डोळे भिंगांमागे वाहत होते. वाऱ्याने असतील.

"पुढे मी खाली बघत होतो," ते म्हणाले.